व्याज उतरले, मुद्दल कोठे ठेवावे?

रिझर्व्ह बँकेने २०२५ या एकाच वर्षात रेपो दर चार वेळा उतरवला. ७ फेब्रुवारीला साडेसहावरून सव्वासहा, ९ एप्रिलला सहा, ६ जूनला एकदम साडेपाच आणि ५ डिसेंबरला सव्वापाच टक्के. मुंबईत झालेला हा निर्णय कात्रजचा बोगदा ओलांडून भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत पोहोचतो तो मुदतठेवीच्या पावतीवरून. मुदत संपलेली पावती नूतनीकरणासाठी बँकेत न्यावी, तर खिडकीतून सहा-सव्वासहा टक्क्यांचा आकडा समोर येतो. दोन-तीन वर्षांपूर्वी त्याच पावतीवर सात-सव्वासात टक्के लिहिलेले असत. भोरची बाजारपेठ, नसरापूर, कापूरहोळ आणि तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे या ठिकाणी किराणा, कापड, भांडी, सराफी, कृषी सेवा केंद्र किंवा भाताची आडत चालविणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा फरक लगेच जाणवतो. दुकानातून निघालेला आणि दुकानात परत घालता न येणारा पैसा व्याजावर ठेवावा, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे.

घरात यावरून दोन तट पडतात. वडीलधारे म्हणतात, ठेव नको तर सरकारी रोखे घेऊ, निदान दहा वर्षांचा दर तरी पक्का होईल. मुलगा किंवा सून हातातील फोनवर आलेख दाखवून म्हणते, "पप्पा, कर भरल्यावर सव्वासहात उरते काय? सगळे काढून शेअरमध्ये, निदान फंडात घालू या." दोघांचेही म्हणणे खोटे नाही. पण व्याज उतरले एवढ्या एकाच कारणाने एका पारड्यातील पैसा दुसऱ्या पारड्यात टाकावा, हे व्यापारी घराला शोभणारे गणित नव्हे. त्या दोन पारड्यांत बसणार नाही अशी एक तिसरी वस्तू आपल्याजवळ आधीच असते. तिच्याकडे पुढे येऊच.

भोर-वेल्ह्यात हा प्रश्न आजच निकडीचा होण्याचे आणखी एक कारण आहे. पुण्याचा वर्तुळाकार मार्ग, सातारा महामार्गालगतची गोदामे आणि धरणांकाठची विश्रामगृहे यांमुळे या भागातील जमिनीला गेल्या काही वर्षांत जो भाव आला, तो आजोबांच्या स्वप्नातही नव्हता. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, आणि गडाच्या वाटेवरील खडकाळ रानालाही गिऱ्हाईक आहे. कोणी जमीन विकली, कोणाला भूसंपादनाचा मोबदला मिळाला. आयुष्यात एकदाच येणारी ही रक्कम नेमकी व्याज उतरलेल्या काळात हाती आली. तोरण्यावर सापडलेले धन शिवरायांनी राजगडाच्या बांधणीस लावले, असे परंपरा सांगते. अचानक आलेल्या पैशाला लगेच काम नेमून देण्याचा हा दाखला याच मातीतला आहे.

कमी म्हणजे किती कमी?

आपल्यापैकी अनेकांच्या मनात व्याजाचा जो आकडा घर करून बसला आहे, तो १९९० च्या दशकातला आहे. भविष्य निर्वाह निधीचे सार्वजनिक खाते, म्हणजे आपले पीपीएफ, १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के देत होते. १९८८ साली आलेले किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दुप्पट होई. आज पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे आणि किसान विकास पत्र दुप्पट व्हायला ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. हे आकडे शेजारी ठेवले की मन खट्टू होते.

परंतु त्याच दशकाच्या आरंभी महागाईही दहा टक्क्यांच्या पुढे गेली होती, हे आपण विसरतो. बारा मिळत होते आणि दहा-अकरा झिजत होते. २०२० साली रेपो दर चार टक्क्यांवर आला, स्टेट बँकेची पाच वर्षांवरील मुदतठेव ५.४० टक्के देऊ लागली आणि महागाई मात्र सहा टक्क्यांच्या वर होती. तेव्हा ठेवीदार खऱ्या अर्थाने तोट्यात होता. २०२५ मध्ये व्याज उतरले, पण महागाईचा सरकारी आकडाही कित्येक वर्षांत नव्हता इतका खाली आला. म्हणून आजचे सव्वासहा हे २०२० च्या पाच-चाळीसपेक्षा बरेच भरीव आहे.

तरीही तीस टक्क्यांच्या कर-टप्प्यात असलेल्या व्यापाऱ्याने अधिभार धरून हिशोब केला, तर सव्वासहाचे हातात ४.३० टक्केच उरतात. रिझर्व्ह बँकेने महागाईचे जे लक्ष्य ठरविले आहे, ते चार टक्के आहे. म्हणजे मुद्दल जागच्या जागी उभे राहते, पुढे सरकत नाही. मुलाचा आक्षेप इथवर बरोबर आहे.

पक्क्या दराची किंमत

आता वडिलांच्या रोख्यांकडे वळू. दहा वर्षांचा सरकारी रोखा आज साडेसहा टक्क्यांच्या आसपास परतावा देतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'रिटेल डायरेक्ट' योजनेमुळे भोरमध्ये बसून रिझर्व्ह बँकेकडे थेट खाते उघडता येते आणि केंद्राचे किंवा महाराष्ट्र शासनाचे रोखे दलालीविना घेता येतात. सरकार मुद्दल बुडवील ही भीती येथे नाही. भीती वेगळी आहे आणि ती व्याज कमी असतानाच सर्वांत मोठी असते.

या भीतीचा इतिहास एका मराठी माणसाच्या कारकिर्दीशी जोडलेला आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे १९४३ ते १९४९ या काळात त्या पदावर होते. तो स्वस्त पैशाचा काळ होता. १९३५ च्या नोव्हेंबरपासून बँक रेट तीन टक्क्यांवर स्थिर होता. त्याच धोरणात १९४६ साली सरकारने जुने साडेतीन टक्क्यांचे सरकारी कागद परत घेऊन त्यांच्या जागी तीन टक्क्यांचे परिवर्तन कर्ज दिले. त्याची परतफेड १९८६ किंवा त्यानंतर, सरकारच्या मर्जीनुसार होणार होती. पुढे देशमुख अर्थमंत्री असतानाच, नोव्हेंबर १९५१ मध्ये, बँक रेट साडेतीन टक्के झाला. ज्याने शंभर रुपये देऊन दरसाल तीन रुपये देणारा कागद घेतला होता, त्याचे व्याज एक दिवसही चुकले नाही. पण अशा दीर्घ कागदाचा भाव त्रैराशिकाने निघतो. बाजारात नव्या कागदावर चार टक्के मिळू लागले की त्याला पंच्याहत्तर रुपयेच येतात, आणि सहा मिळू लागले की पन्नास. वारसांच्या वाटणीत किंवा पेढीच्या अडचणीत तो कागद मोडावा लागला, तर सुरक्षित म्हणून घेतलेल्या कागदानेच मुद्दल खाल्ले असे दिसते.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर २०२० च्या मध्यावरचे घ्यावे. तेव्हा दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा सहा टक्क्यांच्याही खाली होता. जून २०२२ मध्ये तो साडेसात टक्क्यांच्या आसपास पोहोचला. सहा टक्क्यांचा रोखा शंभर रुपयांना घेऊन दोन वर्षांनी विकायला काढला असता, तर साधारण एक्क्याण्णव रुपये मिळाले असते. दोन वर्षांचे व्याज बारा रुपये आणि भावातील तूट नऊ रुपये. मुदत संपेपर्यंत थांबणाऱ्याला मात्र पूर्ण शंभर मिळणारच. म्हणून रोख्याची मुदत आणि आपल्या गरजेची तारीख जुळत असेल, तरच त्याला सुरक्षित म्हणावे. केवळ 'दर पक्का व्हावा' म्हणून मुलीच्या तीन वर्षांनंतरच्या लग्नाचे पैसे दहा वर्षांच्या रोख्यात घालणे म्हणजे जोखीमच होय.

व्याज पुढे वाढेल की आणखी उतरेल, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्यांच्यावर विसंबावेसे वाटत नाही. ज्यांनाही ते सांगता येत नाही आणि तशी गरजही नाही, त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बचत रोखे आहेत. १ जुलै २०२० पासून सुरू झालेल्या या रोख्यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्क्याने अधिक असतो आणि दर सहा महिन्यांनी ठरतो. जुलै २०२३ पासून तो ८.०५ टक्के आहे. व्यक्तीला तसेच हिंदू अविभक्त कुटुंबालाही ते घेता येतात. मात्र मुदत सात वर्षांची आहे, ज्येष्ठांखेरीज कोणालाही मध्येच मोडता येत नाहीत आणि त्यांच्यावर कर्जही मिळत नाही. त्यामुळे दुकानाच्या अडीअडचणीचा पैसा येथे मुळीच घालू नये.

समभाग म्हणजे दुसऱ्याचे दुकान

समभागाचे मूल्य समजायला आलेखापेक्षा आपला व्यापार अधिक उपयोगी पडतो. नसरापूरला एखादे चालते दुकान विकाऊ आहे, मालक एक कोटी मागतो आणि दुकानाचा निव्वळ नफा वर्षाला साडेचार लाख आहे, असे समजा. आपण लगेच म्हणू, एवढ्या पैशाला बँक सहा लाख देते. मग साडेचारसाठी उठाठेव का करावी? निफ्टीचे किंमत-उत्पन्न गुणोत्तर बावीसच्या आसपास असते तेव्हा आपण नेमका हाच सौदा करीत असतो. शंभर रुपयांच्या समभागामागे कंपन्यांचा वार्षिक नफा साडेचार रुपये असतो आणि त्यातील जेमतेम सव्वा रुपया लाभांश म्हणून हाती येतो. हा सौदा करण्याचे सयुक्तिक कारण एकच, की हा नफा वाढेल. बँकेचे सहा लाख दहा वर्षांनीही सहा लाखच राहतील, दुकानाचे साडेचार कदाचित दहा होतील. वाढ झाली तर समभाग जिंकतो, रखडली तर रोखा.

यातील एक गोम अशी, की व्याज उतरते तेव्हा या दुकानांचे भावही चढतात. बँकेत कमी मिळते म्हणून सारेच लोक दुकान घ्यायला धावतात. ठेवींवर पैसा सुटत नाही म्हणून समभाग स्वस्त झाले, असे कधीच होत नाही. उलट दोन्ही एकाच वेळी महाग झालेले असतात. २०२० मध्ये हे डोळ्यांसमोर घडले. २३ मार्चला सेन्सेक्स २५,९८१ वर बंद झाला होता, रेपो दर चारवर आला, आणि २१ जानेवारी २०२१ ला त्याच सेन्सेक्सने पन्नास हजारांची रेषा ओलांडली. घबराटीत घेणाऱ्याने कमावले. 'व्याजात काही उरले नाही' हे ऐकून वर्षभराने आत शिरणाऱ्याने दुप्पट भाव मोजला.

व्याज कमी म्हणजे बाजार चढताच राहणार, ही समजूतही तपासून घ्यावी. जपानमध्ये १९९९ पासून व्याज शून्याच्या आसपास होते. तेथील निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर होता. तो २००३ मध्ये आठ हजारांच्याही खाली गेला आणि १९८९ ची पातळी त्याने पुन्हा ओलांडली ती २२ फेब्रुवारी २०२४ ला. चौतीस वर्षे, म्हणजे एक पूर्ण पिढी. आपल्याकडे सेन्सेक्स ८ जानेवारी २००८ ला २०,८७३ वर बंद झाला आणि ९ मार्च २००९ ला ८,१६० वर. २०१० च्या दिवाळीत जुनी उंची क्षणभर दिसली, पण ती टिकून ओलांडायला २०१३-१४ उजाडले. सहा वर्षे थांबण्याची ताकद ज्या पैशात आहे, तोच पैसा समभागांचा.

आपल्या समाजाला हा धडा फार जुना आहे. सुरतेचे जैन शेठ प्रेमचंद रायचंद हे १८७५ साली मुंबईचा शेअर बाजार संघटित करणाऱ्यांपैकी एक. त्याआधीच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि नवनव्या कंपन्यांचे कागद वाटेल त्या भावाने विकले जाऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला समभाग ८७ रुपयांना विकावा लागला. प्रेमचंदांचेही सर्वस्व गेले. नंतर ते पुन्हा उभे राहिले, हा त्यांचा मोठेपणा. पण ऐन भरात असताना त्यांनी जे दान दिले होते, ते मात्र टिकले. मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा मुंबई विद्यापीठात उभा आहे, आणि कलकत्ता विद्यापीठात त्यांनी ठेवलेल्या निधीतून दिली जाणारी शिष्यवृत्ती पुढील कित्येक पिढ्यांच्या विद्वानांनी मिळविली.

जाता जाता एक उल्लेख करणे अवश्य वाटते. निर्देशांक फंड घेणाऱ्या श्रावकाने त्यात कोणकोणत्या कंपन्या आहेत, ते एकदा वाचावे. निफ्टीत सिगारेट बनविणारी कंपनी आहे. पंधरा कर्मादानांचा विचार ज्या घरात होतो, तेथे हा प्रश्न निघणारच. निवडक समभाग स्वतः घेणे हा त्यावरचा मार्ग आहे, पण त्याला अभ्यास लागतो. या बाबतीत ज्याने त्याने आपल्या नियमाप्रमाणे ठरवावे.

तिसरी वस्तू

वर जिचा उल्लेख केला ती तिसरी वस्तू म्हणजे आपले स्वतःचे दुकान. वृत्तवाहिन्यांवरील सल्लागार ज्या पगारदाराशी बोलतो, त्याच्याकडे ते नसते. दरमहा ठरलेला पगार हाच त्याचा रोखा असतो, म्हणून त्याने समभागांत अधिक पैसा घालावा हे ठीक. व्यापाऱ्याची गोष्ट उलट आहे. भोरच्या आडतदाराचा नफा इंद्रायणी आणि आंबेमोहोर भाताच्या पिकावर अवलंबून असतो. कापणीच्या तोंडावर पाऊस पडला, तर भात काळा पडतो, शेतकऱ्याकडची उधारी अडकते आणि दिवाळीनंतरचा गल्ला निम्मा होतो. कृषी सेवा केंद्रवाला आगोटीला खते-बियाणे उधारीवर देतो आणि पैसे येतात ते मार्गशीर्ष-पौषात. म्हणजे चढउतार, अनिश्चितता आणि मेहनतीने होणारी वाढ हे समभागाचे सारे गुणधर्म आपल्या पेढीत आधीच भरलेले आहेत. म्हणून व्यापारी कुटुंबाच्या बचतीत व्याजाच्या कागदांचा वाटा पगारदारापेक्षा मोठा असावा असे माझे स्पष्ट मत आहे, मग व्याज साडेपाच असो की साडेसात.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दुकान, राहते घर, गोदामाची जागा, घेऊन ठेवलेले रान, गावच्या पतसंस्थेतील ठेव, शेतकऱ्यांकडील येणे, हे सारे एकाच खोऱ्यात आहे. एक पावसाळा, एक महामार्ग आणि एक बाजारपेठ यांच्याशी ते बांधलेले आहे. देशभरच्या कंपन्यांतील थोडा वाटा या बांधिलकीतून कुटुंबाला मोकळे करतो. समभाग घ्यायचे खरे कारण हे आहे. व्याज उतरणे हे नव्हे.

एक काल्पनिक घर घेऊ. जमिनीचे ऐंशी लाख आले आहेत. वडील अडुसष्ट वर्षांचे, आई चौसष्टची, मुलगा-सून दुकान पाहतात, धाकट्या मुलीचे लग्न तीन वर्षांत करायचे आहे. भाताच्या हंगामात खरेदीला पंधरा लाख लागतात. ते एक वर्षाच्या आतील ठेवींत राहावेत. लग्नाचे वीस लाख तीन वर्षांनी मुदत संपणाऱ्या ठेवीत किंवा रोख्यात ठेवावेत. आई-वडिलांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पंचवीस लाख ठेवले, तर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ५१,२५० रुपये येतात आणि घरखर्चासाठी गल्ल्यात हात घालावा लागत नाही. उरले वीस लाख. त्यांना दहा वर्षे कोणी हात लावणार नसेल, तर ते दोन वर्षांत थोडे थोडे करून समभागांत जाऊ द्यावेत. बाजार निम्म्यावर आला तरी ऐंशीतील दहा लाखांचा खड्डा पडेल; हंगामही होईल, लग्नही होईल. करातही फरक आहे. ठेवीचे व्याज उत्पन्नात मिळून टप्प्याप्रमाणे कर लागतो, तर वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या समभागांच्या नफ्यावर सव्वा लाखापुढे साडेबारा टक्के. पण केवळ कर वाचतो म्हणून लग्नाचे पैसे शेअर बाजारात नेऊ नयेत.

रक्कम मोठी असेल आणि तारखा ठरलेल्या नसतील, तर भाटघरचे पाणी जसे आवर्तनांनी सुटते तसे रोख्यांचे आवर्तन लावावे. एक, दोन, तीन, चार, पाच वर्षांनी मुदत संपणारे सारखे पाच वाटे करावेत. दरवर्षी एक वाटा मोकळा होतो. गरज असेल तर वापरावा, नसेल तर त्या वेळच्या दराने पुन्हा पाच वर्षांसाठी लावावा. व्याज वाढले तर लाभ मिळत जातो, उतरले तर जुने वाटे आधार देतात.

सर्वांत घातक मोह याहून निराळा आहे. बँक सहा देते म्हटल्यावर दहा-बारा टक्के देणाऱ्याची पाटी मोठी दिसू लागते. पुण्यातल्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २२ सप्टेंबर २०२२ पासून तिचा परवानाच रद्द झाला. शतकभर जुनी बँक, कितीतरी व्यापाऱ्यांची खाती, आणि मध्ये गेलेली साडेनऊ वर्षे. बँक ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांचे विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. ज्यांनी बँकेचे 'रोखे' म्हणून येस बँकेचे एटी-१ कागद घेतले, त्यांचे सुमारे ८,४०० कोटी रुपये मार्च २०२० मध्ये एका आदेशाने शून्य करण्यात आले आणि तो वाद न्यायालयांत गेला. त्या कागदांवर नऊ टक्के किंवा त्याहून अधिक व्याज होते. सरकारी रोख्यापेक्षा तीन टक्के अधिक कोणी देत असेल, तर ते तीन टक्के कशाची किंमत आहेत, हे विचारल्यावाचून सही करू नये.

कायमी तिथीचे काय?

घरातील पैशाचा निर्णय घर घेईल. पण उतरलेल्या व्याजाचा खरा पेच आपल्या संघांपुढे, आयंबिल शाळांपुढे आणि पांजरापोळांपुढे आहे, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कोणा शेठजींनी एक लाख रुपये देऊन कायमी तिथी लिहविली असे समजा. तेव्हाच्या बारा टक्क्यांनी वर्षाला बारा हजार येत आणि त्या दिवसाचा खर्च निघे. आज त्याच लाखाचे सव्वासहा हजार येतात. महागाई सरासरी सहा टक्के धरली, तर पंचवीस वर्षांत तो खर्च चौपटीहून अधिक, म्हणजे एक्कावन्न हजारांच्या घरात गेला. तेवढे व्याज यायला आज सव्वाआठ लाखांचा निधी हवा. फलकावर नाव आहे, तिथी आहे. वरचे पंचेचाळीस हजार साधारण खात्यातून मुकाट्याने जातात.

"मग संघाने निधी शेअरमध्ये घालावा", असे तरुण विश्वस्त म्हणतात. ते इतके सोपे नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ नुसार विश्वस्तांनी निधी प्रामुख्याने अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, मान्यताप्राप्त सहकारी बँक किंवा सरकारी रोखे यांतच ठेवायचा असतो. वेगळी वाट धरायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. आयकर कायद्यानेही धर्मादाय निधी कोठे ठेवावा याची यादीच दिली आहे. दुसरी अडचण अशी, की करसवलत टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नाचा पंच्याऐंशी टक्के भाग खर्च करावा लागतो आणि सहज बाजूला ठेवता येतात ते पंधरा टक्के. सव्वासहा टक्के व्याजाचे पंधरा टक्के म्हणजे मुद्दलाच्या एक टक्काही नव्हे. एवढ्या भरीने निधी महागाईच्या मागे धावूही शकत नाही. देवद्रव्याचा विषय तर आणखी वेगळा; त्यात गुरुभगवंतांच्या मार्गदर्शनावाचून बोलणे उचित नव्हे.

म्हणून संघाच्या बाबतीत रोखे की समभाग हा प्रश्नच नाही. रोखे कोणते आणि तिथी किती वर्षांची, हा आहे. पाच-पाच लाखांच्या ठेवी दहा बँकांत विखुरण्यापेक्षा केंद्राच्या किंवा राज्याच्या रोख्यांचे आवर्तन विश्वस्तांना सोपे पडेल, आणि मुदतीपर्यंत थांबणे संघाला घरापेक्षा सहज जमते. नवी तिथी लिहविताना 'कायमी' ऐवजी पंचवीस वर्षांचा करार करावा. जुन्या दात्यांच्या वारसांना आजचा खर्च आणि आजचे व्याज लेखी कळवून मूळ निधीत भर घालण्याची विनंती करावी. पाळीव जनावरांच्या चाऱ्याचा खर्च तर दरवर्षी वाढतो, त्यामुळे पांजरापोळांनी हे काम आधी हाती घ्यावे. पर्युषणात जमाखर्च वाचला जातो, तेव्हा प्रत्येक तिथीपुढे मूळ निधी, यंदाचे व्याज आणि यंदाचा खर्च असे तीन आकडे वाचायला एखादे मिनिट अधिक लागेल. सभेत बसलेल्या बहुतेक वारसांनी हे तीन आकडे एकत्र कधी ऐकलेलेच नसतात.